१३ मॅच, ३ विजय आणि एका कोचची नोकरी: एडमंटन ऑइलर्सचा २०२३ चा हिवाळा

धनत्रयोदशीची सकाळ, १० नोव्हेंबर २०२३. आकाशकंदिलाची वायर कुठेतरी तुटलेली, ती जोडायला मी स्टुलावर चढलेलो आणि मोबाईल फ्रीजवर टेकवून ठेवलेला, त्यावर सॅन होजे विरुद्ध एडमंटन ही आइस हॉकीची मॅच चालू. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, एक तर वायर बघा नाहीतर मॅच, शॉक बसेल." बसलाच, पण वायरचा नाही. एडमंटन ऑइलर्स, म्हणजे कॅनडातली माझी टीम, ३-२ ने हरले. तेही सॅन होजे शार्क्सकडून.

यात एवढं काय, असं वाटेल म्हणून सांगतो. शार्क्स ही त्या सीझनची लिंबूटिंबू टीम होती. पहिल्या ११ मॅचमध्ये त्यांचा एकही विजय नाही, त्यात लागोपाठ दोन मॅचमध्ये त्यांनी १०-१० गोल खाल्लेले, आइस हॉकीत १० गोल म्हणजे वनडेत ४०० रन खाल्ल्यासारखं. त्यांचा पहिला विजय आदल्याच मॅचमध्ये आलेला आणि दुसरा आमच्या अंगावर. त्या मॅचनंतर दोन्ही टीम ५-५ पॉइंटवर, म्हणजे टेबलच्या अगदी तळाला हातात हात घालून. आणि यातली एक टीम अशी होती की जिच्याकडे कॉनर मॅकडेव्हिड हा जगातला सगळ्यात भारी आइस हॉकी प्लेयर आहे आणि जी सीझनच्या आधी 'कप नाहीतर काहीच नाही' असं उघड म्हणत होती.

मी चार वर्षं नोकरीनिमित्त एडमंटनला होतो, तिथेच हे खूळ डोक्यात शिरलं. मेहुणे अजून तिकडेच आहेत. परत आल्यावर सोय एकच की तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी सहा-सातला चहाबरोबर लागते, त्यामुळे ऑफिसचा मूड ऑइलर्सवर ठरतो. तो ऑक्टोबर-नोव्हेंबर माझ्या ऑफिसमधल्या कोणालाच आठवायला आवडणार नाही. तरी हे प्रकरण नीट मांडून लिहायचं खूप दिवस मनात होतं, कारण ते जसं सांगितलं जातं, की नवा कोच आला आणि टीम बदलली, तसं ते घडलं नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी माहिती, ज्यांना हॉकी म्हटल्यावर फक्त ध्यानचंद आणि हिरवं टर्फ डोळ्यासमोर येतं त्यांच्यासाठी. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग, तेव्हा ३२ टीम, प्रत्येकी ८२ मॅच. जिंकलात तर २ पॉइंट, जादा वेळेत हरलात तर १, साठ मिनिटांत हरलात तर भोपळा. म्हणून टीमचा रेकॉर्ड तीन आकड्यांत लिहितात, ३-९-१ म्हणजे ३ जिंकल्या, ९ सरळ हरल्या, १ जादा वेळेत हरली. बर्फावर एका वेळी पाच प्लेयर आणि एक गोलकीपर, त्याला तिकडे गोलीच म्हणतात. प्लेयर पाऊण-एक मिनिटात दमून बाहेर येतात आणि दुसरे आत उडी मारतात, गोली मात्र पूर्ण मॅच उभा. १६ टीम प्लेऑफला जातात आणि शेवटी जो उरतो त्याला स्टॅनली कप. एडमंटनने तो १९८४ ते १९९० मध्ये पाच वेळा घेतला, त्यातले चार वेन ग्रेट्झकी या महान प्लेयरच्या काळात, आणि नंतर कधीच नाही. कॅनडातल्या कुठल्याच टीमला १९९३ नंतर मिळालेला नाही, आणि हा विषय तिकडे लग्नात सुद्धा निघतो.

आता २०२३ चा सप्टेंबर. आदल्या सीझनला ऑइलर्सनी ५० मॅच जिंकलेल्या, १०९ पॉइंट. कॉनर मॅकडेव्हिडचे एकट्याचे १५३ पॉइंट (इथे पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट, असिस्ट म्हणजे गोलसाठी दिलेला पास), लिऑन ड्रायसायटलचे १२८, रायन न्यूजंट-हॉपकिन्सचे १०४. समोरचा प्लेयर पेनल्टीत बसलेला असताना म्हणजे पॉवर प्लेमध्ये त्यांनी ३२.४ टक्के वेळा गोल केलेला, लीगच्या इतिहासातला रेकॉर्ड. प्लेऑफमध्ये ते व्हेगासकडून सहा मॅचमध्ये हरले आणि मग व्हेगासनेच कप उचलला, त्यामुळे आपण चॅम्पियनच्या एका पायरीखाली आहोत असा सगळ्यांचा समज. टीम जवळपास तीच ठेवली. कोच जे वुडक्रॉफ्ट, फेब्रुवारी २०२२ मध्ये मधेच आणलेला आणि त्याच वर्षी टीमला सेमीफायनलपर्यंत नेलेला, म्हणजे त्याच्याविषयी तक्रार करायला कोणाला काही कारण नव्हतं.

११ ऑक्टोबरला व्हँकुव्हरमध्ये पहिली मॅच, ८-१ ने हरले. ब्रॉक बेसर नावाच्या एका माणसाने एकट्याने चार गोल मारले. मेहुण्यांचा मेसेज आला, "पहिल्या मॅचचं मनावर घ्यायचं नसतं." तीन दिवसांनी त्याच व्हँकुव्हरकडून घरच्या बर्फावर ४-३. मग नॅशव्हिलला ६-१ ने धुतलं, सुटलो बुवा म्हणेपर्यंत फिलाडेल्फियात ४-१ ने हार. मग विनिपेगशी जादा वेळेत हार आणि त्यात मॅकडेव्हिडला दुखापत, तो दोन मॅच बाहेर, त्या दोन्ही हरले, मिनेसोटाकडून ७-४ आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडून ३-०. २९ ऑक्टोबरला हेरिटेज क्लासिक होती, ती उघड्या मैदानातली मॅच, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये बर्फ तयार करून खेळतात, कॅल्गरीविरुद्ध, ५५ हजारांवर लोक, मॅकडेव्हिड परत आलेला, आणि ५-२ ने जिंकले. कॅल्गरीला हरवणं म्हणजे तिकडे गावच्या जत्रेत शेजारच्या गावाचा पैलवान चीत केल्यासारखं असतं. मेहुणे तिथे थंडीत कुडकुडत बसलेले, व्हिडिओ पाठवला त्यात फक्त त्यांच्या श्वासाची वाफ आणि आरडाओरडा.

आणि मग लगेच डॅलस ४-३, नॅशव्हिल ५-२, परत व्हँकुव्हर ६-२, आणि वर सांगितलेली सॅन होजे. चारही हार. व्हँकुव्हरने तीन मॅचमध्ये मिळून १८ गोल घातले, आता बोला.

नेमकं बिघडलं काय होतं, हा या प्रकरणाचा गाभा, त्यामुळे इथे जरा थांबतो.

कोच जाईपर्यंत १३ मॅच झाल्या. मी स्कोअर घेऊन बसलो आणि बेरीज केली, ऑइलर्सनी ३५ गोल केले आणि ५१ खाल्ले. मॅचमागे २.६९ केले, ३.९२ खाल्ले. आदल्या वर्षी मॅचमागे जवळजवळ ४ करत होते. म्हणजे दोन्हीकडून गळती.

पण गोल होणं न होणं आणि चांगलं वाईट खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हॉकीत तर फारच. क्रिकेटमध्ये कधी कधी बॉलर अख्खा स्पेल बॅटची कड चुकवत राहतो, विकेट शून्य, आणि दुसऱ्या टोकाचा एक फुलटॉस टाकून विकेट घेऊन जातो, तसं. आता आकडेवाले लोक प्रत्येक शॉट कुठून मारला, कसा मारला यावरून तो गोल व्हायची शक्यता किती ते मोजतात आणि बेरीज करून 'एक्स्पेक्टेड गोल्स' काढतात. त्या हिशोबात ऑइलर्स त्या काळात लीगमधल्या चांगल्या टीममध्ये होते! जास्त चान्स हे तयार करत होते, समोरच्यांना कमी देत होते. सॅन होजेच्या मॅचमध्येच बघा, ऑइलर्सनी चाळीसएक शॉट मारले आणि शार्क्सनी त्याच्या निम्मेही नाहीत. गेले किती, तर २ आणि ३. शार्क्सचा गोली मॅकेन्झी ब्लॅकवूड त्या दिवशी भिंत होऊन उभा होता, पक (या हॉकीतली रबराची चकती) त्याच्या पॅडला, ग्लव्हला, खांद्याला, मास्कला, जिथे मिळेल तिथे लागून परत येत होता.

आणि दुसऱ्या टोकाला आमचे गोली.

गोलीचं मोजमाप म्हणजे सेव्ह पर्सेंटेज, आलेल्या शॉटपैकी किती अडवले. त्या काळात लीगचा सरासरी गोली साधारण ९० टक्के अडवायचा. जॅक कॅम्पबेल ८७.३ टक्क्यांवर होता, आणि स्टुअर्ट स्किनर तर त्याहून खाली. ९० आणि ८६ मध्ये फरक काय, चारच टक्के, परीक्षेत चार टक्के कमी पडले तर आई सुद्धा ओरडत नाही. पण हिशोब करा. मॅचला ३० शॉट येतात असं धरलं तर ९० टक्केवाला ३ गोल खातो, ८६ टक्केवाला ४.२. दर मॅचला एकाहून जास्त गोल फुकट. आणि या खेळात निम्म्या मॅच एका-दोन गोलवरच फिरतात. बाकी पाच जणांनी कितीही जीव काढला तरी दर मॅच १-० ने मागे असल्यासारखी सुरू होते.

शिवाय याचा परिणाम पुढच्या पाच जणांवर होतो आणि हे आकड्यात दिसत नाही, डोळ्याला दिसतं. मिनेसोटाच्या मॅचमध्ये मी मुद्दाम पकऐवजी डिफेन्समनकडे बघत होतो. गोलीवर भरवसा असेल तर डिफेन्समन आपला माणूस धरून उभा राहतो, दूरचा शॉट गोली बघून घेईल म्हणून. भरवसा नसेल तर तो शॉट अडवायला स्वतःच झेपावतो, आपला माणूस सोडतो, पक त्याच्या पायातून किंवा बाजूने मागे सरकतो आणि तिथे समोरचा माणूस मोकळा, गोली डावीकडून उजवीकडे घसरत येतोय, उशिराच. असे गोल मी त्या महिन्यात इतके बघितले की डावीकडून शॉट निघाला की आपोआप डोळे उजवीकडे जायचे. त्यात वुडक्रॉफ्टने त्या सीझनला आपल्या भागातली डिफेन्सची पद्धत बदललेली, माणूस धरण्याऐवजी जागा धरायची. कागदावर चांगली कल्पना, व्हेगास असंच काहीसं खेळून चॅम्पियन झालेले. पण जागा धरायची म्हटलं की 'हा तुझा का माझा' हा अर्धा सेकंद येतो, आणि अर्ध्या सेकंदात पक जाळीत असतो. आपल्याकडे दोन फिल्डरच्या मधे कॅच पडतो ना, दोघं एकमेकांकडे बघत उभे, ते दृश्य.

पुढची फळी पण सुकलेली. मॅकडेव्हिड दुखापतीतून लवकर आला असं माझं मत, त्याचा तो गिअर बदलून सुटायचा वेग दिसतच नव्हता. कॉनर ब्राऊन म्हणून मॅकडेव्हिडचा जुना ज्युनियर टीममधला सोबती घेतलेला, त्याच्या करारात अशी मेख की १० मॅच खेळला की ३२ लाख २५ हजार डॉलरचा बोनस, आणि तो बसणार पुढच्या वर्षीच्या खात्यात. खेळला की १० मॅच. गोल? पहिला गोल मार्च उजाडला तेव्हा. बिचारा वर्षभर गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठून आलेला, त्याला किती नावं ठेवायची, पण तेव्हा ठेवली.

मॅनेजमेंटने पहिलं पाऊल उचललं ते ७ नोव्हेंबरला. कॅम्पबेलला वेव्हरवर टाकलं. वेव्हर म्हणजे बाकी ३१ टीमना जाहीर सांगायचं, हा माणूस आम्ही खाली पाठवतोय, कोणाला हवा असेल तर २४ तासांत घ्या, फक्त त्याचा करारही डोक्यावर घ्या. करार होता पाच वर्षांचा, वर्षाला ५० लाख डॉलर, त्यातलं दुसरंच वर्ष चालू. कोणी हात लावला नाही. मग तो गेला कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला, दुय्यम लीगमध्ये. आणि गंमत अशी की खाली पाठवला तरी पगाराच्या मर्यादेत म्हणजे सॅलरी कॅपमध्ये त्याचे ३८ लाख ५० हजार मोजले जातच राहतात, सूट फक्त साडेअकरा लाखांची. म्हणजे घरात बंद पडलेला फ्रीज, विकतही कोणी घेत नाही आणि ईएमआय चालू. त्या पैशात दुसरा चांगला गोली आणता येईना. म्हणून बेकर्सफील्डहून कॅल्विन पिकार्डला वर बोलावलं, बऱ्याच टीम फिरून आलेला गडी, आणि स्किनरला सांगितलं की आता तूच.

हा स्किनर एडमंटनचाच पोरगा, तेव्हा नुकतीच पंचविशी गाठलेला. आदल्या वर्षी सर्वोत्तम नवख्याच्या बक्षिसाच्या शेवटच्या तिघांत होता. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांसमोर असं पडणं किती वाईट असेल. मेहुणे सांगत होते की तिकडे किराण्याच्या दुकानात बिल करणारी बाई सुद्धा गोलीवर बोलत होती.

सॅन होजेनंतर (ती मॅच तिकडच्या ९ तारखेची) दोन दिवसांनी, ११ तारखेला, ऑइलर्सनी सिअ‍ॅटलला ४-१ ने हरवलं. आणि १२ नोव्हेंबरला, जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, वुडक्रॉफ्ट आणि त्याचा डिफेन्सचा असिस्टंट डेव्ह मॅन्सन या दोघांना काढलं. इकडे लक्ष्मीपूजनाची रात्र, फराळाचं ताट मांडीवर, तिकडे बंगळुरूत आपण नेदरलँड्सला हरवलेलं, रोहितची टीम त्या वर्ल्ड कपमध्ये एकही मॅच हरत नव्हती, आणि मोबाईलवर ही बातमी. जिंकून आलेल्या माणसाला काढायचं हे जरा विचित्रच वाटतं, पण उघड आहे की मनातून निर्णय सॅन होजेतच झालेला असणार.

वुडक्रॉफ्टचा एडमंटनमधला एकूण हिशोब ७९-४१-१३. एवढ्या चांगल्या रेकॉर्डचे कोच सहसा १३ मॅचवर जात नाहीत.

त्याच्या जागी आला क्रिस नॉब्लॉक, हार्टफर्ड वुल्फ पॅक या दुय्यम लीगमधल्या टीमचा कोच. एनएचएलमध्ये कायमचा मुख्य कोच म्हणून आधी कधीच नाही. पण याने ईरी ऑटर्स या ज्युनियर टीममध्ये पोरसवदा मॅकडेव्हिडला कोचिंग केलेलं. आणि टीमचा नवा बडा अधिकारी जेफ जॅक्सन, तीन महिन्यांपूर्वीच आलेला, तो आधी कोण तर मॅकडेव्हिडचाच एजंट. आता सांगा, लोकांनी काय म्हणावं? मॅकडेव्हिडने कोच बदलला अशीच कुजबुज सुरू झाली. खेळाडूंना विचारलं नव्हतं असं मॅनेजमेंटने सांगितलं, माझा त्यावर विश्वास आहे, पण आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत पण सेक्रेटरीचा साडू कॉन्ट्रॅक्टर निघाला की लोक बोलतातच. डिफेन्स सांभाळायला बेंचमागे पॉल कॉफी आणला, ग्रेट्झकीच्या काळातला दिग्गज डिफेन्समन, एडमंटनबरोबर तीन कप जिंकलेला, मालकाचा सल्लागार म्हणून आधीपासून होताच.

आता माझा मुद्दा. नॉब्लॉक आल्यावर पहिल्या दोन मॅच जिंकले, न्यूयॉर्क आयलंडर्सला ४-१ आणि सिअ‍ॅटलला जादा वेळेत ४-३. पेपरवाल्यांनी लगेच जादूगार करून टाकला. त्यानंतर टॅम्पाकडून ६-४, फ्लोरिडाकडून ५-३, कॅरोलिनाकडून ६-३, तिन्ही हार आणि तीन मॅचमध्ये १७ गोल खाल्ले. टॅम्पाची मॅच ज्या वीकेंडला हरले त्याच वीकेंडला अहमदाबादची फायनल झाली, त्या सोमवारी मी ऑफिसला गेलो नाही, कारण विचारू नका. रेकॉर्ड झाला ५-१२-१. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, जे प्लेऑफच्या जागेवर असतात त्यांच्यातले साधारण चारातले तीन शेवटी प्लेऑफला जातात असा तिकडचा ठोकताळा आहे. ऑइलर्स त्या दिवशी ११ पॉइंटवर, जागेच्या आसपासही नाहीत. म्हणजे कोच बदलून काही झालेलं नव्हतं! गोल तसेच जात होते, गोली तेच होते.

फिरलं ते पुढच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये. ५-० ने जिंकले, स्किनरने एकही जाऊ दिला नाही. तिथून लागोपाठ आठ विजय. मग परत तीन हार, मग २१ डिसेंबरपासून जे सुरू झालं ते २७ जानेवारीपर्यंत, सलग १६ विजय. लीगचा रेकॉर्ड १७ चा, १९९३ मध्ये पिट्सबर्गने केलेला, त्याच्या एक मॅच अलीकडे व्हेगासने अडवलं. त्या १६ मधल्या १२ एकट्या स्किनरच्या नावावर.

काय बदललं? कॉफीचं श्रेय मी नाकारत नाही. त्याने डिफेन्समनना सांगितलं की घाबरून पक काचेवर आपटून बाहेर फेकू नका, डोकं वर करा, जवळचा पास शोधा, चुकलात तर मी आहे. इव्हान बुशार्डसारखा पोरगा त्यावर फुलला. नॉब्लॉकचा स्वभावही थंड, बेंचवर चेहऱ्यावरची रेष हलत नाही, घाबरलेल्या टीमला तेही लागत असेल. मॅकडेव्हिडची दुखापत बरी होत गेली आणि त्याने सीझनअखेर १०० असिस्ट केले. पण सगळ्यात मोठं कारण तेच, गोली सरासरीवर आला. स्किनर काही जगातला बेस्ट झाला नाही, सीझन संपताना त्याचा आकडा ९०.५ टक्के, म्हणजे चारचौघांसारखा. चारचौघांसारखा गोली आणि त्याच्यापुढे ही फळी असेल तर टीम वर्षाला ५० मॅच जिंकते, हे आदल्या वर्षीच दिसलेलं. इतके शॉट मारून न जाणारे पक कधी ना कधी जायला लागणारच होते, आणि ८६ टक्क्यांवर असलेला बरा गोली कायम ८६ वर राहत नाही. वुडक्रॉफ्ट असता तरी हे झालं असतं असं मला वाटतं, कदाचित १६ सलग नाही, पण टीम वर आली असती.

मेहुण्यांचं यावर कडाक्याचं भांडण आहे. त्यांचं म्हणणं, "तू पुण्यात बसून आकडे बघतोस, मी रॉजर्स प्लेसमध्ये, टीमच्या घरच्या स्टेडियममध्ये, बसून चेहरे बघत होतो. खांदे पडले होते सगळ्यांचे. अशा वेळी काहीतरी मोडावंच लागतं." आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे हे मलाही मान्य करावं लागतं, कारण जनरल मॅनेजर केन हॉलंडच्या हातात दुसरं होतं काय? गोली बदलता येत नाही कारण कॅम्पबेलच्या करारात पैसे अडकलेले, आणि तो करार केला कोणी, तर हॉलंडनेच. वीस प्लेयर काढता येत नाहीत. मॅकडेव्हिडचा तेव्हाचा करार २०२६ ला संपणार होता, म्हणजे प्रत्येक वाया गेलेलं वर्ष सोन्याच्या भावाचं. उरला कोच. एकदम स्वस्त आणि एका सकाळीत होणारं काम. कॅम्पबेलच्या करारावर सही करणारा हॉलंड सीझनभर खुर्चीत राहिला, आणि ज्याने फक्त दिलेले गोली खेळवले तो गेला, हे मला अजून खुपतं.

नॉब्लॉकच्या हाताखाली ६९ मॅचमध्ये ४६-१८-५, टीम १०४ पॉइंटवर, आपल्या गटात म्हणजे डिव्हिजनमध्ये व्हँकुव्हरच्या मागे दुसरी. प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिसला पाच मॅचमध्ये, व्हँकुव्हरला सातात, डॅलसला सहात हरवून फायनल. आणि व्हँकुव्हरच्या सिरीजमध्ये काय झालं माहितीये? स्किनर परत घसरला, दोन मॅच त्याला बसवून पिकार्डला उभं केलं. तोच पिकार्ड, नोव्हेंबरमध्ये बेकर्सफील्डहून आलेला. नॉब्लॉकने गोली बदलला, स्वतःची नोकरी गेली नाही. दोन मॅचनंतर स्किनर आला आणि सिरीज काढून दिली.

फायनलमध्ये फ्लोरिडा पँथर्स पहिल्या तिन्ही मॅच जिंकून ३-० ने पुढे. चौथ्या मॅचमध्ये ऑइलर्स ८-१ ने जिंकले. ८-१! ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला तोच स्कोअर, फक्त उलटा. मग पाचवी, मग सहावी, ३-३. ०-३ वरून फायनल जिंकायचं काम १९४२ मध्ये टोरोंटोने केलेलं, त्यानंतर कोणीच नाही. सातवी मॅच २५ जूनला आपल्या पहाटे साडेपाचला. बाहेर धो धो पाऊस, इंटरनेट मधेच जाणार या धास्तीने मी दोन सिमकार्ड तयार ठेवलेली. २-१ ने हरले. एका गोलने. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं, हरलेल्या टीमच्या माणसाला हे बक्षीस फार क्वचित मिळतं, आणि तो ते घ्यायला बर्फावर परत आलाच नाही.

आठवड्याभरात कॅम्पबेलचा करार पैसे देऊन मोडला. उरलेल्या तीन वर्षांचा भार सहा वर्षांवर पसरतो, म्हणजे ऑइलर्सच्या खात्यात त्याचं नाव २०३० पर्यंत दिसत राहणार. वुडक्रॉफ्ट नंतर अ‍ॅनाहाइममध्ये असिस्टंट म्हणून लागला.

पुढचा सीझन सुरू झाला ९ ऑक्टोबर २०२४ ला, घरच्या मैदानावर विनिपेगशी. इकडे दसऱ्याला दोन दिवस, मी चहा घेऊन बसलो. ६-० ने हरले, स्किनरला मधेच बाहेर काढलं. मग शिकागोकडून ५-२. मग कॅल्गरीकडून ४-१. तीन मॅच, तीन हार, १५ गोल खाल्लेले. मेहुण्यांचा मेसेज आला, "आता?" मी लिहिलं, "शॉट किती मारले ते बघा आणि गप्प बसा." या वेळी कोणाला काढलं नाही, आणि जूनमध्ये टीम परत फायनलमध्ये होती, परत फ्लोरिडाशी.